बांधाचं पोट

सोमवार, ४

रोज किती माती हलवली ते कामावरच्या वहीत लिहायचं, असं बाईंनी सांगितलंय. ती वही ऑफिसात राहते आणि तिच्यात मातीखेरीज काही मावत नाही. म्हणून ही दुसरी, घरची. शाळा चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचणारा मीच आहे. हसणार कोण?

नदीकाठी खडीचा खड्डा आहे, चाळीस एकरांचा. तो आम्ही खणला. तीस वर्षांत त्यातली निम्मी खडी माझ्या मशीनच्या बकेटमधून वर आली असेल. नदी आणि खड्डा यांच्या मध्ये मातीचा बांध, तोही आमच्याच हातचा. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तो फुटला. नदी खड्ड्यात उतरली आणि पलीकडच्या कडेने खालच्या गल्लीत घुसली. नऊ माणसं गेली. दोघांना मी चिखलातून काढलं. एकीच्या मुठीत दाराची कडी होती. दार नव्हतं.

मग खाण बंद झाली, बांध पुन्हा बांधला, आणि आता या बाई आल्यात. वय माझ्या मुलीएवढं. खड्ड्याचं पाणथळ करायचं त्यांचं काम आहे. उभे कडे कापून उतार करायचे, उथळ पायऱ्या काढायच्या, त्यांवर लव्हाळी नि पाणकणीस लावायचं, काठाला वाळुंजाच्या काठ्या खोचायच्या. आणि बांधाच्या खालच्या टोकाला दगडी सांडवा. पूर आला की पाणी सांडव्यातून सावकाश आत येईल, पसरेल, दम खाईल आणि सावकाश जाईल.

"नदीला यायला दार ठेवायचं, काका. नाहीतर ती भिंत फोडून येते," बाई म्हणाल्या.

सांडव्याला पाच आठवडे लागतील. तोवर बांध टिकला पाहिजे. नाही टिकला तर पुन्हा खालची गल्ली. एवढंच आहे सगळं.

मशीनं दोन. लांब हाताचं माझं, आणि एक छोटं. हिला सांगितलं, पुन्हा कामाला लागलो म्हणून. ही म्हणाली, "आधी तीस वर्षं खणलंत, आता भरा."

बुधवार, ६

शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. बाई नकाशा दाखवत होत्या. खालच्या गल्लीतला एक सुतार आहे, त्याच्या दोन्ही मुली त्या पुरात गेल्या. तो उठला, पुन्हा नदीला आत घेताय म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने खुर्ची उचलून फेकली. खुर्चीचा पाय बाईंच्या कपाळाला लागला. खाणीच्या लॉरीवाल्यांपैकी कोणीतरी हसलं. मग काय, सगळं पेटलं. एकाचा दात माझ्या चपलेशी येऊन पडला. माझ्या बरगडीत कोणाचं तरी कोपर बसलं, अजून श्वास घेताना कळतंय.

धाकट्या भावाने मला काखेत धरून बाहेर ओढलं. लहानपणीच्या तापाने त्याची वाढ खुंटली, उभा राहिला तर माझ्या छातीला लागतो, पण ताकद बैलाची. "दादा, या भानगडीत तू कशाला पडतोस?" म्हणाला. स्वतःचा शर्ट फाटला होता आणि मलाच विचारत होता लागलं का.

बाईंना सात टाके. टाके घालून घेताना त्यांनी मला विचारलं, "उद्या मशीन किती वाजता सुरू करायचं?"

सुतारावर तक्रार करायची नाही म्हणाल्या.

सोमवार, ११

सकाळी मशीनवर चढलो तर गुडघे समोर आपटले. सीट पार पुढे सरकवलेली. हा मेकॅनिकचा चावटपणा. शनिवारी बकेटचा एक दात तुटला, तो बघायला आला असणार नि सीट तशीच ठेवून गेला. डिझेलही कमी वाटलं. त्याला बोलावून चांगला झापला. आईची शपथ घेऊन म्हणतो, रविवारी मी घरीच होतो. म्हटलं, आईला मध्ये आणू नकोस, फिल्टर साफ कर. दिवसभर तोंड पाडून बसला होता.

दात मिळायला महिना लागेल. तोवर चारच दातांवर काम.

बांधावरच्या तिसऱ्या खांबापाशी खड्ड्याच्या बाजूचं पाणी गढूळ दिसलं. बाकी सगळीकडे नितळ. बाईंनी यंत्र लावून बांध मोजला. उंची बरोबर, रुंदी बरोबर. वरून काही खोट नाही.

वरून.

शुक्रवार, १५

धाकटा जेवायला आला होता. नातीला नवी सायकल घेऊन आला. खाण बंद पडली तरी याच्या लॉऱ्या धावतायत, टायरसुद्धा नवे. कुठून कुठून कामं मिळवतो. मेहनती आहे, त्याला मागे बघायची सवय नाही.

जेवताना जुन्या गप्पा निघाल्या. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा. घरी ठेवायचा कुठे, म्हणून मी मशीनवर मांडीवर घेऊन बसायचो. मोठा झाल्यावर सीट पार पुढे घेऊन, पाठीला उशी लावून शिकवलं. पहिला धडा काय होता, मी विचारलं. "काही झालं तरी मशीन सोडून उतरायचं नाही," लगेच म्हणाला. "मशीन घसरलं, कललं, पाण्यात गेलं तरी हात दांड्यावरून काढायचा नाही. उडी मारणारा मशीनखाली जातो." शब्द न शब्द पाठ. मला बरं वाटलं.

त्याने सांडव्याचं विचारलं. कधी पुरा होणार, बाई रविवारी येतात का, रखवालदार एकटाच असतो का. मी सगळं नीट सांगितलं. कामाची एवढी विचारपूस मुलीच्या नवऱ्यानेही कधी केली नाही.

ही सगळा वेळ भांडी आपटत होती. तो गेल्यावर विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. तुमचं चालू द्या."

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कामाच्या वहीत लिहायची हिंमत नाही. वीस वर्षांपूर्वी मालकाने हद्द संपली तरी खडी मागितली, तेव्हा मी बांधाचं पोट काढलं होतं. लांब हाताचं मशीन आतून बांधाच्या पायाशी लावायचं, बकेट पाण्याखाली घालायची आणि बांधाच्या बुडातली खडी ओढून घ्यायची. वरचं गवतसुद्धा हलत नाही. मोजणारे येतात, वरून मोजतात, जातात. ही युक्ती माझीच. धाकट्यालाही मीच दाखवली, हौसेने. पोट काढलं होतं ते तिसऱ्या खांबापाशीच, आणि दोन वर्षांपूर्वी बांध फुटला तो तिथून शंभर पावलांवर. ते पोट गाळाने भरून आलं असेल असं स्वतःला सांगत आलोय. आता तिथलं पाणी गढूळ व्हायला लागलंय. माझं जुनं पाप वर येतंय, दुसरं काय.

सोमवार, १८

ऑफिसच्या मागे रखवालदार सापडला. आधी मला वाटलं गोणपाट पडलंय. कोणीतरी लोखंडी साखळीने मारलं होतं. जबडा जागेवर नव्हता, उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी वाकलेला. भिंतीवर रक्ताचे फटके उमटले होते, एकावर एक, चुना फासावा तसे. शेजारी त्याचा कुत्रा, मान मोडून टाकलेला. मी शर्ट काढून त्याच्या डोक्याखाली घातला. एक डोळा उघडा होता, तो माझ्याकडेच बघत होता, आणि मी हात लावला तशी तो सरपटत मागे जायला लागला.

पोलीस म्हणाले, खालच्या गल्लीतलेच असतील, सभेत बघितलं ना तुम्ही.

माझं डोकं फिरलं. सरळ सुताराच्या दारात गेलो, गळपट्टी धरली आणि तोंडावर मारलं. तीनदा. त्याने हात उचलला नाही. ओठातून रक्त येत होतं. म्हणाला, "मारा, काका. मला आता लागत नाही." आत भिंतीवर दोन छोट्या पिशव्या टांगलेल्या, शाळेच्या.

घरी येऊन हात धुतला, पण मूठ उघडेना. हिने कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवलं.

आज मशीनची सीट पुन्हा पुढे होती. मेकॅनिकवर ओरडायचंही त्राण नव्हतं.

शनिवार, २३

इस्पितळात गेलो. रखवालदाराचा जबडा तारांनी शिवलाय, सहा आठवडे बोलता येणार नाही. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, आणि लिहिता तर त्याला येतच नव्हतं. बायको गेल्यापासून त्याची पोर आत्याकडे असते.

मी विचारलं, कोण होतं रे, ओळखलंस का? त्याने डावा हात वर केला, पंजा आडवा धरला आणि खाली आणला. एवढा. पुन्हा वर, पुन्हा खाली. एवढा, एवढा. डोळ्यांत पाणी. मला गलबलून आलं. अशा हालतीतही माणसाला पोर आठवते. म्हटलं, थांब, आणतो.

आत्याकडून पोरीला घेऊन आलो. दहा वर्षांची, बरोबर तेवढीच. तिला खाटेशी उभी केली. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवून रडायला लागला. मी त्यांना एकटं सोडून बाहेर आलो.

सोमवार, २५

लिहायला बसलो त्याला तास झाला.

सकाळी तिसऱ्या खांबापाशी बांधावर भेग दिसली, केसाएवढी, पण लांब. वरच्या अंगाला पाऊस आहे म्हणतात, नदी हातभर चढलीय. मला राहवलं नाही. बाईंना बाजूला घेऊन पोटाचं सगळं सांगून टाकलं. त्या ओरडतील वाटलं होतं. त्यांनी कपाळावरच्या टाक्यांच्या वणावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चला, बघू."

बांबू घातला. आत गेला, गेला, गेलाच. मग दोरीला बांधून कॅमेरा सोडला. बांधाच्या पोटात खोली झालीय. आमच्या स्वयंपाकघराएवढी.

"वीस वर्षांत पाण्याने खाल्लं," मी म्हणालो.

"कडा ताज्या आहेत, काका. बकेटच्या दातांचे ओरखडे बघा. वीस वर्षांपूर्वी तुमच्या बकेटला दात किती होते?"

"पाच."

"इथे चार आहेत."

मी तिथेच बांधावर बसलो. माझं मशीन कोणीतरी वापरतंय. बाईंनी विचारलं, किल्ली कुणाकडे असते? म्हटलं, माझ्याकडे, घरी दाराशेजारी उंचावर खिळ्याला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग नदीकडे बघायला लागल्या.

पोलीस एक माणूस पाठवतो म्हणाले. सांडवा लवकर उरकायचा ठरलं. आता भराव टाकून पोट भरायला गेलो तर हादऱ्यानेच बांध बसेल. बाईंचं म्हणणं, सांडव्यातून पाणी आत घेऊन खड्डा भरला की बांधाला दोन्हीकडून सारखा रेटा बसेल, मग तो पडणार नाही.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माझं स्टूल दर रविवारी सकाळी दाराशी येतं. चार पाय आहेत त्याला, पण चालत येत नसेल."

"नात ठेवत असेल."

"नात सोमवारी येते."

मग थोड्या वेळाने, "या रविवारी धाकट्या भावजींना दुपारी जेवायला बोलवा बघू."

"रविवारी त्याला काम असतं."

"कसलं?"

"लॉऱ्या धुतो."

तिने एवढ्या जोरात शेंग मोडली की दाणे खोलीभर उडाले. बायकांचं मन कधी कोणाविषयी कडू होईल सांगता येत नाही.

किल्ली खिळ्यालाच ठेवली आहे. घरच्या खिळ्याचा भरवसा नाही तर मग कशाचा.

शुक्रवार, २९

पोलिसांचा माणूस आला नाही. सांडव्याचे दगड चारातले तीन हिस्से बसले. तोंडाशी पाणी अडवायला मातीचा ढीग ठेवलाय, तो शेवटी काढायचा. नदी अजून वर. पाण्यातून फुगलेली गाय गेली, तिच्यावर दोन कावळे बसून चालले होते, गाडीत बसल्यासारखे.

मेकॅनिकची माफी मागितली. सुताराकडे गेलो होतो, त्याने दार उघडलं नाही. दाराला हात जोडून परत आलो.

गुरुवार, ४

डाव्या हाताने लिहितोय. उजव्या बाजूचं खांद्याचं हाड मोडलंय.

रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. नदी रात्रीत पुरुषभर चढली, दगड राहू देत, सांडवा आजच उघडा, मी वाटेत आहे. किल्ली घ्यायला गेलो तर खिळा रिकामा. खाली स्टूल.

मी स्टूलकडे बघत उभा राहिलो. ही मागे उभी होती. म्हणाली, "जा आता."

खालच्या गल्लीतून गेलो. माणसं दारात उभी होती, गाठोडी बांधून. कुठे जायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

माझं मशीन खड्ड्यात, बांधाच्या पायाशी, चालू. शेजारी लॉरी, अर्धी भरलेली. केबिनमध्ये धाकटा. पाठीला उशी.

मी उतारावरून खाली गेलो, दार उघडून त्याला दंडाला धरून ओढला.

"दादा, दोन खेपा फक्त. पूर आला की हे सगळं जाणारच आहे, मग कुणाच्या कामाचं?"

"गल्लीत माणसं आहेत."

"तू काढलंस तेव्हा नव्हती?"

मी त्याच्या कानशिलात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तो हसल्यासारखा झाला, मग पायापाशी पहार होती ती उचलली. हाड मोडल्याचा आवाज आला, दुखलं नंतर. मी गुडघ्यावर पडलो. त्याने पुन्हा पहार उचलली आणि तशीच धरून उभा राहिला. लहानपणी काही फोडलं की करायचा तसं तोंड झालं होतं.

"रखवालदाराला तूच मारलंस," मी म्हणालो. ते तोंडातून बाहेर आलं तेव्हा मलाही कळलं.

"त्याने मला बघितलं होतं," म्हणाला. एवढंच. जसं पाऊस आला म्हणून छत्री उघडली.

तेवढ्यात बांध बसला. आवाज नाही झाला. वरचं गवत हातभर खाली आलं आणि भेगेतून पाण्याची एक धार सुटली, मनगटाएवढी. आम्हा दोघांना माहीत होतं तिचा अर्थ काय. तो मशीनवर चढला. "मी वर काढतो याला. तू हो पुढे."

"सोड ते. चढून ये."

"मशीन सोडत नसतात, दादा."

वर यायला एकच उतार, सांडव्याशेजारचा. मी तिथवर कसा चढलो आठवत नाही. छोट्या मशीनची किल्ली खिशात होती. डाव्या हाताने सुरू केलं. बकेट सांडव्याच्या तोंडच्या ढिगावर टेकवली. बांधातली धार आता मांडीएवढी. तिकडून बांध गेला तर नदी सरळ गल्लीत. इकडून सांडवा उघडला तर पाणी आधी उतारावर, मग खड्ड्यात.

धाकट्याचं मशीन चिखलात रुतून रुतून येत होतं. चेन फिरत होती, मशीन हलत नव्हतं. मी ओरडत होतो, उतर, पळ, उतर. त्याने मान हलवली. हात दांड्यांवर. मी शिकवल्याप्रमाणे, एक बोटसुद्धा ढिलं नाही.

मी थांबलो. किती थांबलो ते सांगता येत नाही. बांधाचा मोठा तुकडा सुटून खड्ड्यात पडला.

मी बकेट ओढली.

पाणी हळू आलं नाही. पाण्याने उतार उचलला, लॉरी आडवी करून फिरवली. मशीनच्या काचेपर्यंत पाणी आलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मग काचेत नुसतं आभाळ दिसलं. मग काच दिसली नाही.

बाई आल्या तेव्हा मी बकेट अजून ओढतच होतो म्हणे, रिकामीच.

खड्डा दुपारपर्यंत भरला. बांध अर्धा बसला, पण उभा राहिला. खालच्या गल्लीत पाणी उंबऱ्यांना लागलं आणि परत फिरलं.

सोमवार, ८

काल मशीन वर काढलं. मला बोलावलं होतं, मशीन ओळखायला. मी गेलो. बकेटला चार दात. सीट पुढे. उशीतून पाणी गळत होतं. त्याला आधीच नेलं होतं. मांडीवर घेऊन बसायचो तेव्हा तो त्या दांड्यांवर हात ठेवायचा आणि मी वरून माझे ठेवायचो.

सुतार दारात येऊन उभा राहिला. ओठावर माझ्या मुठीचा वण. आभार मानायला आला होता. मी म्हटलं, पुन्हा बोलू नका ते. दोन वर्षांपूर्वीचा बांध कशाने कमकुवत झाला ते मी त्याला सांगितलं, पोट, मालक, मी, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बसू का जरा?" बसला. हिने दोन कप चहा ठेवला, तो कुणी प्यायला नाही.

ही वही आज पहिल्यापासून वाचून काढली. अकरा तारीख. सीट. पंधरा तारीख, सायकल, काय काय विचारलं ते. पंचवीस, स्टूल. सगळं माझ्याच अक्षरात आहे. कोंबडीचे पाय, पण स्वच्छ वाचता येतात. दुपारी ती बाईंच्या हातात दिली, म्हटलं, पोलिसांना द्या, जुनं पोटसुद्धा आहे यात. त्यांनी पानं उलटून परत दिली. "आजचं लिहून मग द्या, काका." म्हणाल्या, वरच्या पायरीवरची लव्हाळी टिकलीत, सगळी आडवी झालीत पण मुळं धरून आहेत.

संध्याकाळी इस्पितळात गेलो. रखवालदार उशीला टेकून बसला होता. मला बघून आधी आक्रसला. मी खाटेशी उभा राहिलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. मग डावा हात वर केला, पंजा आडवा धरला आणि माझ्या छातीपर्यंत खाली आणला.

एवढा.

त्याने डोळे मिटले आणि मान हलवली. हात माझा तिथेच राहिला, छातीशी, हवेत. खाली घ्यायचं जमेना. शेवटी त्यानेच आपला धड हात पुढे केला आणि तो धरून खाली घेतला.